मेंदूवरील शस्त्रक्रिया आणि तिचा हिशेब

घरांतील एखाद्या माणसाच्या मेंदूंत गांठ आहे, किंवा पाठीच्या मणक्यावर शस्त्रक्रिया करावी लागेल, असें डॉक्टरांनीं सांगितलें म्हणजे त्या घराची काय अवस्था होते, हें आमच्या पुष्कळ वाचकांस अनुभवानें ठाऊक असेल. घर एकत्र कुटुंबाचें असलें तर रात्रीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत बैठक बसते, आणि प्रत्येक जण आपल्या माहितींतील एकेक उदाहरण पुढें करितो. थोरल्या काकांना आपल्या कचेरींतील एक गृहस्थ आठवतात. ते शस्त्रक्रियेनंतर वीस वर्षें खणखणीत जगले. आत्याबाईंना आपल्या नणंदेचे दीर आठवतात. ते त्या खोलींत गेले ते परत आलेच नाहींत. आजी म्हणतात, पोटाचें एक वेळ कापावें, पण मेंदूला कोणीं हात लावूं नये. आणि ज्याच्या जिवाचा प्रश्न असतो तो आंतल्या खोलींत पडून हें सारें ऐकत असतो!

हीं उदाहरणें खोटीं नसतात. परंतु एका उदाहरणावरून निर्णय करणें म्हणजे एका वर्षाच्या पावसावरून पुढील वर्षाच्या पिकाचा अंदाज करण्यासारखें आहे. गंमत अशी कीं, मेंदूवर शस्त्र चालविणारे वैद्यही पुष्कळ काळ असेच एकेका उदाहरणावर विसंबून होते. ही कला आज ज्या योग्यतेला पोंचली आहे, ती केवळ धाडसानें किंवा केवळ यंत्रांनीं नव्हे, तर आपल्या हातून वांचले किती, दगावले किती आणि वांचलेल्यांचें पुढें काय झालें याचा प्रामाणिक हिशेब ठेवण्याच्या संवयीनें पोंचली आहे, असें आमचें मत आहे. तो इतिहास व त्यापासून गृहस्थानें घ्यावयाचा बोध वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु.

पहिलीं धाडसें

मेंदू ही हाडांच्या बंद पेटींत ठेवलेली, लोण्यासारखी मऊ वस्तु आहे. तिच्यावर शस्त्र चालविण्यास पूर्वीं तीन मोठ्या अडचणी होत्या. पहिली ही कीं, रोग कवटीच्या आंत नेमका कोठें आहे हें बाहेरून कळण्याचा मार्ग नव्हता. दुसरी, जखम पिकणें. कवटी उघडली कीं बहुधा पू होई आणि त्यांतच रोगी जाई. तिसरी, रक्तस्राव. हातापायाची शीर तुटली तर ती धरून दोऱ्यानें बांधतां येते. मेंदूंतील शिरा इतक्या नाजूक व इतक्या खोल कीं त्यांना गांठ मारूं गेल्यास भोंवतालचा मेंदूच फाटतो.

यांपैकीं जखम पिकण्याच्या अडचणीवर लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धतीनें उपाय सांपडला. रोगाची जागा ओळखण्याचें कोडें, शरीराच्या कोणत्या भागाच्या हालचालीचें नियंत्रण मेंदूचा कोणता भाग करितो हें शोधून काढणाऱ्या शास्त्रज्ञांनीं हळूहळू सोडविलें. ग्लासगो येथील विल्यम मॅकईवेन यांनीं १८७९ सालीं केवळ बाह्य लक्षणांवरून गांठीची जागा ठरवून ती काढली, आणि ती रोगी मुलगी पुढें कित्येक वर्षें जगली. १८८४ च्या नोव्हेंबरांत लंडन येथें बेनेट या वैद्यांनीं रोगाचें निदान केलें आणि लिस्टर यांचेच भाचे गॉडली यांनीं ती गांठ काढली. गांठ सांगितलेल्या जागींच सांपडली! परंतु जखमेंत विषबाधा होऊन रोगी महिन्याभरांत दगावला. १८८७ सालीं व्हिक्टर हॉर्सले यांनीं पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूवर दाब आणणारी एक गांठ काढली, आणि ज्या गृहस्थाचे दोन्ही पाय लुळे पडले होते, तो पुन्हां चालूं लागला.

या गोष्टी वाचून मन थक्क होतें. पण वाचकांनीं क्षणभर थांबून विचार करावा. हींही, काका व आत्याबाई सांगतात तशीं, एकेकटीं उदाहरणेंच नव्हेत काय? ज्यांची गांठ सांपडली नाहीं, जे मेजावरच गेले, त्यांच्या कथा कोण छापणार? विसाव्या शतकाच्या आरंभीं मोठमोठ्या नामांकित शस्त्रवैद्यांच्या हातूनही मेंदूंतील गांठीचे दर तिघांत एक किंवा त्याहूनही अधिक रोगी दगावत असत. ही स्थिति पालटली कशी, हें समजण्यासाठीं अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं शिकत असलेल्या दोन विद्यार्थ्यांची ओळख करून घेतली पाहिजे.

एका मृत्यूपासून निघालेली वही

१८९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत हार्वर्ड विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेंत हार्वे कुशिंग व अर्नेस्ट ॲमोरी कॉडमन हे दोघे मित्र एकाच वर्गांत शिकत होते. त्या काळीं ईथर हुंगवून रोग्यास भूल देण्याचें काम विद्यार्थ्यांवरच सोंपविलेलें असे, आणि तें नीट शिकविण्याची व्यवस्था मात्र कांहींच नसे. कुशिंग भूल देत असतांना एक रोगी दगावला. आजूबाजूच्या मंडळींना त्यांत विशेष कांहीं वाटलें नाहीं. असें होतच असतें, अशीच सर्वांची समजूत. परंतु कुशिंग यांच्या मनाला इतका धक्का बसला कीं, वैद्यकीच सोडून द्यावी असें त्यांना वाटूं लागलें.

त्यांनीं वैद्यकी सोडली नाहीं. कुशिंग व कॉडमन यांनीं आपसांत एक पैज लाविली: दोघांपैकीं अधिक चांगली भूल कोण देतो तें पाहावयाचें, आणि हरणारानें जिंकणारास जेवण द्यावयाचें. पण कोण चांगला हें ठरवावयाचें कशावरून? यासाठीं त्यांनीं १८९५ च्या सुमारास एक साधा कागद आंखला आणि शस्त्रक्रिया चालूं असतां ठराविक अंतरानें रोग्याची नाडी व श्वास त्यावर टिपण्यास सुरुवात केली. त्यापूर्वीं रोगी अचानक गेला असें म्हणण्याचा प्रघात होता. कागदावर पाहूं जातां असें दिसूं लागलें कीं, रोगी अचानक जात नाहीं. जाण्यापूर्वीं त्याची नाडी पुष्कळ वेळ इशारा देत असते, पाहणारा मात्र पाहिजे. आज कोणत्याही शस्त्रक्रियेच्या वेळीं भूल देणारे डॉक्टर ज्या नोंदी ठेवितात, त्यांचा उगम या दोन विद्यार्थ्यांच्या पैजेंत आहे.

कुशिंग यांची रीत

पुढें कुशिंग बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत गेले. १९०१ सालीं युरोपच्या प्रवासांत इटलींतील पाविया गांवीं त्यांनीं रिवा-रोच्ची यांचें रक्तदाब मोजण्याचें साधन पाहिलें, आणि तें ते अमेरिकेस घेऊन आले. नाडी व श्वास यांच्या रकान्यांस आतां रक्तदाबाचा रकाना येऊन मिळाला. मेंदूच्या कामीं त्याचें महत्त्व फार आहे. कवटी बंद असल्यामुळें आंत रक्त सांठलें किंवा सूज आली म्हणजे मेंदूवर दाब पडतो. मग शरीर मेंदूला रक्त पोंचविण्याच्या धडपडींत रक्तदाब वाढवितें, आणि त्याबरोबर नाडी मंद होते. हा संबंध कुशिंग यांनींच प्रयोगांनीं उलगडून दाखविला, आणि आजही डोक्याला मार लागलेल्या रोग्याजवळ बसलेली परिचारिका याच खुणेवर नजर ठेवून असते.

रक्तस्रावाच्या अडचणीवर त्यांनीं १९११ सालीं एक उपाय प्रसिद्ध केला: चांदीच्या तारेची इवलीशी चिमटी. जी शीर दोऱ्यानें बांधतां येत नाहीं तिच्यावर ही चिमटी दाबून बसवावयाची आणि तशीच आंत राहूं द्यावयाची. पुढें १९२६ च्या ऑक्टोबरांत बोव्ही या शास्त्रज्ञांच्या मदतीनें त्यांनीं विजेच्या प्रवाहानें शिरा भाजून बंद करण्याचें यंत्र वापरलें. ज्या रोग्याची गांठ कांहीं दिवसांपूर्वीं रक्तस्रावामुळें अर्धवट सोडावी लागली होती, तीच आतां काढतां आली. त्या यंत्राचीं वंशज यंत्रें आज बहुतेक सर्व शस्त्रक्रियागृहांत असतात.

परंतु कुशिंग यांच्या रीतींतील सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्यांचा संथपणा. भुलेचा शोध लागण्यापूर्वीं जो लवकर कापील तो उत्तम शस्त्रवैद्य, असें मानीत. आणि भूल आल्यानंतरही ती संवय पुष्कळ वर्षें गेली नव्हती. कुशिंग तासन् तास काम करीत. रक्ताचा प्रत्येक थेंब थांबवूनच पुढचें पाऊल टाकीत, आणि प्रसंगीं कवटी एका दिवशीं उघडून गांठ दुसऱ्या दिवशीं काढीत. ज्यांना घाई असेल त्यांनीं मेंदूच्या वाटेस जाऊं नये, हाच त्यांच्या साऱ्या कामाचा अर्थ होता.

आणि या सर्वांबरोबर हिशेब! त्यांच्या सहकारी लुईझ आयझेनहार्ट प्रथम चिटणीस म्हणून त्यांच्याकडे आल्या, मग स्वतः वैद्यकीचा अभ्यास करून डॉक्टर झाल्या, आणि गांठी सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून त्यांची जात ठरविण्याच्या विद्येंत त्यांनीं मोठी कीर्ति मिळविली. एका लहानशा काळ्या वहींत त्या प्रत्येक रोग्याच्या शस्त्रक्रियेचा परिणाम टिपून ठेवीत. १९३१ च्या एप्रिलांत कुशिंग यांनीं तपासून सिद्ध झालेल्या गांठीची २००० वी शस्त्रक्रिया केली. आणि पुढील वर्षीं या २००० रोग्यांचा समग्र ताळेबंद, मृत्यूंच्या शेंकडेवारीसह, पुस्तकरूपानें जगापुढें ठेविला. जेथें पूर्वीं तिघांत एक जात असे, तेथें त्यांच्या हातून दहांत एकही जात नव्हता, हें आतां सांगोवांगीचें राहिलें नाहीं; आंकड्यांनीं सिद्ध झालें.

हा हिशेब किती कठीण होता याचें एक उदाहरण देतों. जनरल लेनर्ड वुड या अमेरिकन सेनानींचा डावा पाय दुबळा होऊन त्यांना झटके येऊं लागले होते. कुशिंग यांनीं १९१० सालीं त्यांच्या मेंदूवरील आवरणाची गांठ काढली. वुड त्याच वर्षीं अमेरिकन सैन्याचे मुख्य अधिकारी झाले, आणि पुढें फिलिपाइन्स बेटांचा कारभार त्यांनीं कित्येक वर्षें पाहिला. गांठ पुन्हां वाढली. १९२७ च्या ऑगस्टांत बॉस्टन येथें कुशिंग यांनींच पुन्हां शस्त्रक्रिया केली, आणि रक्तस्राव होऊन वुड कांहीं तासांतच वारले. ही शस्त्रक्रिया जमेच्या बाजूस मांडावी कीं खर्चाच्या? सतरा वर्षांचें कर्तृत्वपूर्ण आयुष्य ही जमाच. आणि शेवटचा मृत्यु हा खर्चच. प्रामाणिक वहींत दोन्ही बाजू लिहाव्या लागतात.

कॉडमन यांचा हट्ट

दुसरे मित्र कॉडमन यांनीं याच विचाराला आणखी पुढें नेलें. त्यांचें म्हणणें असें कीं, रोगी रुग्णालयांतून जिवंत बाहेर पडला एवढ्यानें शस्त्रक्रिया यशस्वी होत नाहीं. प्रत्येक रोग्याचें एक पत्रक असावें. त्यावर लक्षणें, निदान, उपचार व घडलेल्या अडचणी लिहाव्या. आणि निदान एक वर्षानें पुन्हां त्याची चौकशी करून त्याला खरोखर गुण आला कीं नाहीं हें टिपावें. गुण आला नसेल तर कां आला नाहीं, चूक वैद्याची होती कीं रोगच असाध्य होता, हेंही लिहावें आणि लोकांस कळवावें.

आज हें वाचून कोणीही म्हणेल कीं यांत वावगें काय? पण त्या काळीं यावरून मोठें वादळ उठलें. मोठ्या रुग्णालयांत वरच्या जागा कर्तबगारीवर नव्हे तर ज्येष्ठतेवर मिळत; हिशेब बाहेर आला तर कित्येकांची अब्रू उघडी पडली असती. कॉडमन यांनीं १९११ सालीं स्वतःचें एक लहानसें रुग्णालय काढलें आणि तेथील हिशेब स्वखर्चानें छापून वांटला. १९११ ते १९१६ या काळांतील ३३७ रोग्यांच्या हिशेबांत त्यांनीं १२३ चुका स्वतः नमूद केल्या! १९१५ सालीं एका जाहीर सभेंत त्यांनीं एक व्यंगचित्र दाखविलें. त्यांत वाळूंत डोकें खुपसून सोन्याचीं अंडीं घालणारा शहामृग दाखवून बॉस्टनच्या श्रीमंत रोग्यांची व त्यांच्या वैद्यांची त्यांनीं थट्टा केली होती. त्याचा परिणाम असा झाला कीं स्थानिक वैद्यमंडळाचें पद व हार्वर्ड येथील जागा यांस ते मुकले. त्यांचें रुग्णालयही पुढें बंद पडलें. कुशिंग १९३९ सालीं कीर्तीच्या शिखरावर असतां वारले. कॉडमन १९४० सालीं जवळजवळ विस्मृतींत गेले.

वांचला, पण कसा?

तरी जगानें अखेर कॉडमन यांचाच प्रश्न उचलला. साधनें तर सुधारत होतींच. १९६० नंतरच्या दशकांत झूरिक येथील यासारगिल प्रभृति शस्त्रवैद्यांनीं सूक्ष्मदर्शकांतून पाहत शस्त्र चालविण्याची पद्धत रूढ केली. १९७१ च्या ऑक्टोबरांत लंडनजवळील एका रुग्णालयांत हाउन्सफील्ड यांच्या सी. टी. यंत्रानें प्रथमच जिवंत रोग्याच्या मेंदूचें आडव्या छेदाचें चित्र घेतलें, आणि गांठ कोठें आहे हें शतकभराचें कोडें कांहीं मिनिटांचें झालें. पण रोगी वांचूं लागले तसा नवा प्रश्न उभा राहिला: वांचलेला माणूस जगतो तो कसा? १९७५ सालीं ग्लासगो येथील जेनेट व बाँड यांनीं त्याचें एक साधें पांच पायऱ्यांचें माप सुचविलें. मृत्यु, डोळे उघडे पण जाणीव नाहीं अशी अवस्था, जाणीव आहे पण दैनंदिन गोष्टींसाठीं परावलंबी, कांहीं उणीव राहूनही स्वावलंबी, आणि जवळजवळ पूर्ववत्. हीं पांच नांवें कुटुंबानें पाठ करून ठेवण्याजोगीं आहेत.

त्यांचें महत्त्व एका अलीकडील प्रयोगानें फार स्पष्ट होतें. अपघातांत डोक्यास जबर मार लागून मेंदू सुजला आणि औषधांनीं सूज उतरेना, तर कवटीचा मोठा तुकडा काढून मेंदूस जागा करून देतात. ही शस्त्रक्रिया करावी कीं केवळ औषधांवर राहावें, याची तुलना कित्येक देशांतील ४०८ रोग्यांवर करून तिचा निकाल २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर औषधांच्या गटांतील शेंकडा ४९ रोगी मृत्यु पावले होते. शस्त्रक्रियेच्या गटांतील शेंकडा २७. म्हणजे दर शंभरांत सुमारें २२ जीव अधिक वांचले. हें ऐकून कोणता बाप विचार करीत बसेल? पण ताळेबंद येथें संपत नाहीं. या २२ पैकीं सुमारें ६ जण जाणीवहीन अवस्थेंत राहिले, ८ जण परावलंबी राहिले, आणि उरलेले ८ निदान घरांत तरी आपलें आपण करूं शकत होते. हे आंकडे शस्त्रक्रिया करा असेंही सांगत नाहींत, करूं नका असेंही सांगत नाहींत. ते एवढेंच सांगतात कीं, आपण कोणत्या दारांतून आंत शिरत आहोंत हें डोळे उघडे ठेवून पाहा. अपघाताच्या रात्रीं विचाराला वेळ नसतो; म्हणून ही गोष्ट घरांत शांतपणें कधींतरी बोलून ठेवलेली बरी.

जेव्हां हिशेब शस्त्राविरुद्ध जातो

हिशेबाची खरी कसोटी तो आपल्याविरुद्ध गेल्यावर लागते. मेंदूंतील एखादी रक्तवाहिनी एके ठिकाणीं फुग्यासारखी फुगते आणि फुटते. डोक्यांत एकाएकीं वीज पडावी तशी वेदना होते. १९३७ सालीं बाल्टिमोर येथें वॉल्टर डँडी यांनीं अशा फुग्याच्या मानेवर चांदीची चिमटी बसवून तो बंद केला. ही चिमटी कुशिंग यांच्या चिमटीचीच वंशज होय. त्यानंतर अर्धें शतक हाच राजमार्ग होता. १९९० च्या सुमारास गुग्लिएल्मी या इटालियन डॉक्टरांनीं कवटी न उघडतां, मांडींतील धमनींतून बारीक नळी वर नेऊन फुग्यांत प्लॅटिनमच्या तारेचें वेटोळें भरण्याची युक्ति काढली. दोन्ही उपाय शक्य असलेल्या २१४३ रोग्यांवर तुलना झाली. तिचा निकाल २००२ सालीं निघाला: वर्षानंतर मृत अथवा परावलंबी असलेल्यांचें प्रमाण चिमटीच्या गटांत शेंकडा ३१ च्या जवळपास, तर वेटोळ्याच्या गटांत २४ च्या जवळपास होतें. सगळेच फुगे वेटोळ्यानें भरतां येत नाहींत, आणि चिमटीचें काम आजही संपलेलें नाहीं. परंतु ज्या कलेंत शस्त्रवैद्यांनीं आयुष्य घालविलें, तिच्याविरुद्धचा निकाल त्यांतील बहुतेकांनीं मान्य केला, हें त्या व्यवसायाला भूषणावह आहे.

पाठीच्या मणक्यांची कथाही बोधप्रद आहे. दोन मणक्यांमधील गादी सरकून मज्जातंतूवर दाब आला म्हणजे कमरेपासून पायांत कळ उतरते; तिलाच लोक सायटिका म्हणतात. या वेदनेचें हें कारण मिक्स्टर व बार या बॉस्टनच्या दोघा डॉक्टरांनीं १९३४ सालीं प्रसिद्ध केलें, आणि मग जगभर अशा शस्त्रक्रिया सुरू झाल्या. रोगी दुसऱ्या दिवशीं कळ थांबली असें सांगे, आणि सर्वांस तें पटे. नॉर्वेंतील वेबर यांनीं मात्र, ज्यांच्याविषयीं शस्त्रक्रिया करावी कीं नाहीं अशी शंका होती अशा १२६ रोग्यांचे दोन गट केले आणि दहा वर्षें त्यांचा माग ठेविला. १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणें, एका वर्षानंतर शस्त्रक्रिया केलेल्यांची स्थिति निश्चित चांगली होती. चार वर्षांनीं तो फरक ठाम म्हणण्यासारखा राहिला नाहीं. आणि पुढें दोन्ही गट सारखेच झाले. याचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी असा नव्हे. असह्य वेदनेंतून लवकर सुटका हाही मोठाच लाभ आहे. पण ज्यास कांहीं आठवडे धीर धरणें शक्य आहे, त्यानें न घाबरतां धरावा. बहुतेकांस विश्रांति, बेताची हालचाल व औषधें यांनींच आराम पडतो. अपवाद मात्र लक्षांत ठेवावा: लघवी किंवा शौच यांवरील ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली, किंवा पाऊल उचलेनासें झालें, तर तासाचाही विलंब न लावितां रुग्णालय गांठावें. तेथें धीर हा गुण नव्हे.

आपल्या घरापुरतें

आपल्या देशांत या शास्त्राचा स्वतंत्र विभाग प्रथम १९४९ सालीं वेल्लोर येथें डॉ. जेकब चांडी यांनीं सुरू केला. १९५० सालीं मद्रास येथें डॉ. राममूर्ति यांनीं कार्य आरंभिलें. आणि मुंबईंत डॉ. गिंडे व डॉ. होमी दस्तूर या आरंभीच्या पिढींतील शस्त्रवैद्यांनीं त्याचा पाया घातला. त्यापूर्वींच्या पिढीला निवडीचा प्रश्नच नव्हता. आज मोठ्या शहरांत निवड आहे. म्हणूनच विचारण्याची जबाबदारीही आहे.

विचारावें काय? आमच्या मतें चार प्रश्न पुरेत. याच रोगाचे, याच वयाचे व अशाच प्रकृतीचे रोगी आपल्याकडे वर्षाला किती येतात? त्यांपैकीं महिन्याच्या आंत किती दगावतात? वर्षानंतर किती जण आपलें स्नान, जेवण, बोलणें, चालणें व उद्योग स्वतः करितात? आणि शस्त्रक्रिया केली नाहीं, किंवा थोडी लांबणीवर टाकली, तर काय होईल? तिसरा प्रश्न विसरूं नये. माजघरांतील बैठकींत तोच बहुधा सुटतो. आंकडे ऐकतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी कीं, जो शस्त्रवैद्य इतरांनीं नाकारलेले कठीण रोगी हातीं घेतो, त्याच्याकडे मृत्यु अधिक दिसणारच; म्हणून तुलना सारख्यांशीं करावी. जे डॉक्टर आपण होऊन आपलें अपयशही सांगतात त्यांच्यावर अधिक विश्वास टाकावा. आणि आमच्याकडे सारे बरेच होतात असें ऐकूं आलें, तर नम्रपणें दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आणखी एक विनंति. ज्याच्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची, त्याला शक्य तोंवर या बैठकींत बसवावें. तो कर्ता पुरुष असो, घरची सून असो कीं सत्तर वर्षांच्या आजी असोत. परावलंबी होऊन जगणें पत्करावें कीं धोका पत्करावा, याचें उत्तर शंभर रोग्यांचा हिशेब देऊं शकत नाहीं. तें ज्याचें त्यालाच द्यावें लागतें. हिशेबाचें काम त्याला अंधारांत उत्तर द्यावयास लावूं नये, एवढेंच आहे.

कॉडमन यांच्या दफनाच्या जागेवर कित्येक वर्षें नांवाचा दगडही नव्हता. २०१४ सालीं अमेरिकेंतील वैद्यसंस्थांनीं तेथें तो बसविला. त्यांच्या एका वर्षानंतरच्या चौकशीचें तत्त्व त्यापूर्वींच जगभरच्या रुग्णालयांत शिरलें होतें. तो प्रश्न विचारण्याची संवय आतां आमच्या वाचकांच्या घरांतही शिरावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे.